आण्णांचं माप

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कमरेच्या पट्ट्याला मूळची पाच भोकं आहेत आणि त्यांनी स्वतः पाडलेली तीन. खिळा तापवून कशीतरी पाडलेली नव्हेत. पंच लावून, एका ओळीत, मूळच्या भोकांमधल्या अंतराएवढंच अंतर राखून. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर ऑइल इंजिनांचे पार्ट काढलेला माणूस भोक पाडणार तर असंच. ती भोकं मी वर्षभर रोज बघत होते आणि मला त्यांत कौतुकापलीकडं काही दिसलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनचं निघालं. वय ७८. रात्रीतून चार-पाच वेळा उठणं, गोळ्यांनी भागेनासं झालेलं. सर्जन म्हणाले, घाई नाही, पण करून टाकू. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांकडं गेलो. ईसीजी, इको, रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं जिथल्या तिथं. त्यांनी फाइल मिटली आणि आण्णांना म्हणाले, जरा उठून त्या दारापर्यंत जाऊन या. आण्णा खुर्चीचे हात धरून उठले, दाराला हात लावून परत आले, टेकले. तोवर डॉक्टर काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "रिपोर्ट चांगले आहेत हो. पण माणूस मला एकदा मोजून पाहिजे."

चिठ्ठीवर लिहिलं होतं फ्रेल्टी असेसमेंट. राजारामपुरीत म्हाताऱ्या माणसांची अशी तपासणी करणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडं पाठवलं. रिक्षात आण्णांनी विचारलं, "हे फ्रेल्टी म्हंजे काय गं?" मी मोबाइलवर बघितलं. मोबाइल म्हणाला, दुर्बलता. हा शब्द मी आजवर फक्त आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या जाहिरातीत वाचलेला. म्हटलं, "अंगात ताकद किती राहिलीय ते मोजतात, आण्णा."

"माझं माप काढायला चाललाय म्हना की."

कोल्हापुरात माप काढणं म्हणजे चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा करणं. रिक्षावाला आरशातून बघून हसला. आण्णा हसले नाहीत.

तिथं पहिलं काम वजनाचं. फिजिओथेरपिस्ट मुलगी गडहिंग्लजकडची, बोलायला मोकळी. चप्पल काढा म्हणाली, खिसे रिकामे करा म्हणाली. कापशी चप्पल निघाली. मग खिशांतून मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा, चष्म्याची डबी आणि तीन मीटरचा स्टीलचा टेप. हा टेप आण्णांच्या खिशात निवृत्तीनंतरही असतो. लग्नाला गेले तरी असतो. काट्यावर आकडा आला ५३.२.

"मागचं वजन किती होतं?"

मी फाइल तयार ठेवलेली. दोनच महिन्यांपूर्वी एका ठिकाणी आम्ही 'संपूर्ण शरीर तपासणी' करून घेतली होती, त्याचा चकचकीत कागद. वजन ५७ किलो. मुलीनं भुवया वर केल्या. दोन महिन्यांत चार किलो गेलं म्हणजे गंभीरच. तेवढ्यात आण्णा म्हणाले, "तितं काट्यावर उभाच कुठं केलं मला? पोरानं इचारलं, आजोबा वजन किती? मी म्हटलं सत्तावन असंल. त्यानं लिवलं."

तो कागद मी आधी दोन डॉक्टरांना दाखवला होता. दोघांनीही वजन ठीक आहे म्हणून पुढचं पान उलटलं होतं. अठराशे रुपये देऊन आम्ही आण्णांचंच बोलणं छापून आणलं होतं, आणि त्याला रिपोर्ट म्हणत होतो.

खरा आकडा सापडला तो वर्षापूर्वीच्या मोतीबिंदूच्या फाइलीत. तिथं त्यांना खरोखर काट्यावर चढवलं होतं, आईला आठवत होतं. ५८.५. म्हणजे वर्षात ५.३ किलो उतरलं, शंभरात नऊ. वर्षभरात स्वतःहून न उतरवता साडेचार किलो किंवा वजनाच्या पाच टक्के गेलं तर ती खूण धरतात, असं मुलीनं सांगितलं आणि तिची नजर पट्ट्यावर गेली. "ही भोकं कधी पाडली, आण्णा?"

आण्णांना तारीखवार माहीत होतं. पहिलं दिवाळीनंतर. दुसरं जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या सुमारास. तिसरं बेंदराच्या आधी. मुलीनं तिन्ही भोकांवर आपली कापडी टेप लावली आणि म्हणाली, "पंचाहत्तर मिलिमीटर कमी झाली की कंबर."

"शहात्तर पॉइंट दोन," आण्णा म्हणाले. "एक इंच म्हंजे पंचवीस पॉइंट चार."

इथून पुढं त्यांना त्या खोलीत रस वाटायला लागला, असं मला आठवतं.

हाताची पकड मोजायचं यंत्र डायनॅमोमीटर. चिमट्यासारखी मूठ आणि वर घड्याळासारखी तबकडी. खुर्चीत ताठ बसायचं, कोपर अंगाला लावून काटकोनात वाकवायचं, हात कशावर टेकायचा नाही, आणि जीव खाऊन दाबायचं. दोन्ही हातांनी तीन-तीन वेळा. आण्णांनी दाबण्याआधी यंत्र उलटसुलट करून बघितलं. "काटा झिरोवर न्हाई तुमचा." खरंच नव्हता, अर्ध्या किलोनं पुढं होता. मुलीनं तो मागं आणला. "कॅलिब्रेशन कवा केलंय?" तिनं मागचा स्टिकर वाचून दाखवला. मग त्यांनी दाबलं. उजवा हात २४, २५, २३. डावा त्याहून कमी.

स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ साली ठरवलेली रेघ पुरुषांसाठी २८ किलो आहे, बायकांसाठी १८. आण्णांनी चौथ्यांदा दाबायला हात पुढं केला. मुलगी म्हणाली, तीनच धरतात. ते हाताकडं बघत राहिले. ह्या हातानं आवळलेला लेथचा चक, म्हणजे पार्ट पकडून धरणारा जबडा, दुसऱ्या पाळीच्या पोरांना किल्लीला पाइप लावल्याशिवाय सुटत नसे, ही आमच्या घरातली जुनी गोष्ट. मला वाटलं होतं बाकी काहीही उतरलं असेल, हात उतरणार नाही. माझ्या मनात त्यांचा हात अजून मी दहावीत असतानाचाच होता.

पकड एवढी का मोजतात, हे मी विचारलं. डॉक्टरबाईंचं म्हणणं, हाताची पकड ही साऱ्या अंगातल्या स्नायूंची सोपी खबर असते, आणि ती कळायला दोन मिनिटं लागतात. २०१७-१८ साली देशभर ४५ वर्षांपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली, तिच्यातही घरोघर जाऊन पकड आणि चाल मोजली होती. "म्हंजे सर्व्हेवाले आमच्याच घरात आले न्हाईत तेवढं," आण्णा म्हणाले.

मग चाल. फरशीवर चार मीटर अंतरावर निळ्या टेपच्या दोन पट्ट्या चिकटवलेल्या. एका पट्टीपासून दुसरीपर्यंत रोजच्या चालीनं चालायचं, घड्याळ मुलीच्या हातात. आण्णांनी खिशातला टेप काढला आणि उकिडवं बसण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही, म्हणून मला बसवलं. तीन मीटरचा टेप, चार मीटरचं अंतर, म्हणून मधे खडूची खूण करून मी मापलं. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत बरोबर चार मीटर. पण निळी पट्टी पाच सेंटिमीटर रुंद. बाहेरच्या कडा धरल्या तर ४.१०.

"कुठली कड धरता?" आण्णांनी विचारलं.

मुलगी गडबडली. तिनं डॉक्टरबाईंना हाक मारली. त्या आल्या, खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "सुरुवातीला आतल्या कडेला बोटं लावून उभं राहायचं, शेवटी पाऊल आतल्या कडेच्या पूर्ण पलीकडं पडलं की घड्याळ थांबवायचं. पण बरं झालं विचारलंत. आमच्याकडं दोघी मोजतात, दोघींची कड एकच आहे का बघायला पाहिजे." आण्णा हळूच मला म्हणाले, "अडीच टक्क्याचा फरक. आमच्याकडं असता तर आख्खा लॉट परत आला असता."

पहिल्या खेपेला ते संचलनाला निघाल्यासारखे चालले. मुलगी हसून म्हणाली, "आण्णा, भाजीला चालल्यासारखं." दोनदा चालवलं, चांगली वेळ धरली ती ६.४ सेकंद. सेकंदाला साधारण ०.६२ मीटर. ०.८ च्या खाली चाल गेली की डॉक्टर लक्ष देतात, आणि आशियातल्या त्याच गटाची रेघ तर एक मीटरची. मी त्यांच्याबरोबर रोज चालत होते. मला ती चाल हळू कधीच वाटली नाही, कारण मीही त्यांच्या पावलानं चालायला शिकले होते.

खुर्चीचा भाग सगळ्यांत अवघड गेला. हात छातीवर घडी घालायचे आणि पाच वेळा उठायचं, बसायचं, न थांबता. दोन वेळा उठले. तिसऱ्या वेळी हात आपोआप सुटून मांडीवर आले. मुलीनं परत सुरू करायला लावलं. या खेपेला १७.८ सेकंद लागले आणि पाचव्या उठण्याला त्यांच्या ओठावर घाम होता. घरी ते पलंगाचा खांब धरून उठतात, जेवताना आईच्या खांद्यावर हात ठेवून उठतात. त्याला आम्ही कधी आधार म्हटलं नव्हतं. ती सवय होती.

तोल बघताना पावलं जुळवून दहा सेकंद उभे राहिले, अर्धं पाऊल पुढं ठेवूनही राहिले. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून मात्र चार सेकंदांत कलले. चाल, खुर्ची आणि तोल मिळून बारापैकी सहा गुण.

यानंतर बी.पी. आडवं झोपवून मोजलं, मग उभं करून एका मिनिटानं, पुन्हा तीन मिनिटांनी. झोपलेले असताना वरचा आकडा १३८, उभं राहिल्यावर ११२. वीस किंवा जास्त उतरलं की ते मोजण्यासारखं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "उठल्यावर चक्कर येते?"

"न्हाई."

"कधीच नाही?"

"चक्कर न्हाई येत. जरा डोळ्यांपुढं अंधारी येती. थांबलं की जाती."

मी त्यांच्याकडं बघितलं. गेल्या दोन वर्षांत निदान चार डॉक्टरांनी त्यांना चक्कर येते का विचारलं होतं आणि त्यांनी चौघांनाही खरं उत्तर दिलं होतं. त्यांच्या लेखी चक्कर म्हणजे घर फिरणं. अंधारी वेगळी. कुणी अंधारीबद्दल विचारलंच नाही. प्रोस्टेटच्या गोळीनंही उभं राहिल्यावर बी.पी. उतरू शकतं, त्यात बी.पी.च्या दोन गोळ्या चालू, वर झोपेची एक, कधी कुणी सुरू केलेली ते आता कुणाला आठवत नाही अशी.

शब्दांचा असाच घोळ पुढच्या प्रश्नावर झाला. "गेल्या आठवड्यात थकवा वाटला का? जे करतोय ते ओढून-ताणून करतोय असं?" आण्णा ताडकन म्हणाले, "मी काय थकलेलो न्हाई." आमच्यात 'वडील आता थकलेत' म्हणजे वडील म्हातारे झालेत, त्यांचं काही खरं नाही. तो प्रश्न त्यांनी तसाच ऐकला. डॉक्टरबाईंनी पुन्हा दुसऱ्या शब्दांत विचारलं, त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. कागदावर खूण होणार तेवढ्यात कोपऱ्यातून आई बोलली. सकाळपासून ती पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसली होती.

"सकाळी दाढी करून येतात ते कॉटवर पडतात. मग अंघोळ. मग पुन्हा पडतात. पेपर आणायला जायचं सोडलं. वरच्या खोलीत दोन वर्षं गेले नाहीत. त्यांचा भागीदार गेला तेव्हापासून उद्यमनगराकडं तोंड केलं नाही."

आण्णा खिडकीकडं बघत होते. डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं नाही, फक्त आवाज कमी केला आणि मन लागत नाही असं होतं का, हे विचारलं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं, ते इथं लिहीत नाही.

घड्याळाचं चित्र हा त्यातला सुखाचा भाग. तीन शब्द लक्षात ठेवायचे, मधे घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, मग ते शब्द सांगायचे. आण्णांनी आधी मध्यबिंदू घेतला. मग बारा, सहा, तीन, नऊ. मग मधले आकडे, सारख्या अंतरावर. तास-काटा बरोबर अकरावर न ठेवता कणभर पुढं. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढं चांगलं घड्याळ इथं कुणी काढलं नव्हतं. तीनपैकी दोन शब्द आठवले.

मग त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. ही तपासणी म्हणजे एखादा आजार शोधणं नव्हे. दोन माणसं ७८ वर्षांची, दोघांना बी.पी., पण एक न्यूमोनियातून आठवड्यात उठतो आणि दुसरा साध्या तापानं अंथरुणाला खिळतो. हा शिल्लक जोर मोजायच्या दोन मुख्य रीती आहेत आणि दोन्ही २००१ च्या आसपास पुढं आल्या. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा ठरवल्या: वजन उतरणं, थकवा, कमजोर पकड, हळू चाल, कमी हालचाल. तीन किंवा जास्त असल्या तर फ्रेल, एक-दोन असल्या तर उंबरठ्यावर. कॅनडात केनेथ रॉकवूड आणि अर्नोल्ड मिट्निट्स्की यांनी वेगळा हिशोब मांडला. दुखणी, अडचणी, ऐकू न येणं, अंघोळीला मदत लागणं अशा तीस-चाळीस गोष्टींची यादी घ्यायची आणि त्यांतल्या किती लागू आहेत ते मोजायचं. चाळीसपैकी दहा म्हणजे ०.२५, आणि तिथून पुढं साधारण काळजीचं.

आण्णा पुढं सरकले. "म्हंजे पैला गो-नो-गो गेज. आत गेला तर पास, न्हाई तर रिजेक्ट. आनि दुसरा रिजेक्शनचं पर्सेंटेज."

डॉक्टरबाई आधी गोंधळल्या. मग आण्णांनी त्यांना गेज म्हणजे काय ते पाच मिनिटं समजावून सांगितलं. मला वाटतं त्या दिवशी ते तेवढं बोलायला म्हणूनच गेले असावेत.

हालचालीच्या खुणेवर त्या स्वतःच हसल्या. फ्रीड यांच्या मूळ प्रश्नावलीत लॉन कापणं, पानं गोळा करणं, गोल्फ, टेनिस, बोलिंग अशी यादी आहे. शिवाजी पेठेत ती वाचण्यात अर्थ नाही, म्हणून त्या पाणी भरणं, अंबाबाईला पायी जाणं, जिना, रंकाळ्याची फेरी असं विचारतात. आण्णांच्या यादीत यांतलं काहीच उरलं नव्हतं. पाचही खुणा लागू होत्या.

यानंतरचा प्रश्न मला होता. रॉकवूड यांचंच एक नऊ पायऱ्यांचं मोजमाप आहे, माणूस रोजचं काय काय स्वतः करतो यावरून पायरी ठरते. बँकेचं कोण बघतं? मी. गोळ्या कोण काढून देतं? मी, रविवारी डबीत भरून ठेवते. बाजार? मी. दूध? दुधवाला. बाहेर जायचं तर? माझ्या स्कूटरवर. मी हे जरा अभिमानानंच सांगत होते. त्या म्हणाल्या, "त्यांना जमत नाही म्हणून तुम्ही करता, की तुम्ही करता म्हणून त्यांनी सोडलंय? माझी पायरी त्यावर ठरणार."

मला सांगता येईना. सायकलचं सांगते. तीन वर्षांपूर्वी ते बिंदू चौकात सायकलवरून पडले, खरचटलं फक्त. त्यांना न विचारता मी सायकल भंगारात घातली. त्यानंतर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते, आणि मग सायकलचं नाव काढणंही बंद झालं. जमत नव्हतं का? त्या दिवशी पडले होते एवढंच मला ठाऊक. डॉक्टरबाईंनी पाचवी पायरी लिहिली, कागदावर 'सौम्य दुर्बलता'.

ऑपरेशन बारा आठवडे पुढं ढकलायचा सल्ला दिला. खरं सांगायचं तर मी चिडले. रजा टाकलेली, भावाचं पुण्याहून यायचं ठरलेलं. पण असं अंग घेऊन टेबलावर गेलेला माणूस नंतर गोंधळतो, पडतो, बरा व्हायला फार वेळ घेतो, आणि हे ऑपरेशन थांबू शकणारं आहे, हे सर्जननाही पटलं.

करायचं काय, ते ऐकून आई म्हणाली, एवढंच? बी.पी.ची एक गोळी बंद. झोपेची गोळी एकदम नाही, हळूहळू कमी. आणि तोंडात बघताना डॉक्टरबाईंना कळलं की कवळी सैल झाली आहे, हिरडीला जखम. म्हणूनच भाकरीचे पापुद्रे, शेंगदाणे, मटण सगळं सुटलं होतं आणि रात्री दूध-भाकरी कुस्करून पोट भरत होतं. आम्ही समजत होतो, वय झालं की जेवण कमी होतंच.

आमच्याकडं दर रविवारी मटण. आण्णा वाटीवर वाटी पांढरा रस्सा प्यायचे, मटण शिजवलेलं अळणी पाणी प्यायचे, आणि पीस आम्हा पोरांच्या ताटात टाकायचे. ताकद रश्श्यात असते ही कोल्हापूरची श्रद्धा. डॉक्टरबाई म्हणाल्या, चव रश्श्यात, प्रथिनं पीसमध्ये. त्यांच्या वजनाच्या माणसाला या वयात दिवसाला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिनं हवीत आणि एका अंड्यात सहाच असतात. ही वाक्यं आईनं तोंडपाठ केली. नवी कवळी आल्यापासून ती पीस मऊ शिजवून त्यांच्या ताटात घालते आणि ते संपेपर्यंत समोर बसते.

व्यायाम साधेच. खुर्चीतून उठणं, आधी हाताला आधार घेऊन, मग सोडून. ओट्याला धरून टाचा उचलणं. आठवड्यातून दोनदा ती मुलगी बघायची, बाकी घरी. आणि कामं परत द्यायची. दूध त्यांनी आणायचं. गोळ्यांची डबी त्यांनी भरायची, मी फक्त बघायची. पहिल्या रविवारी त्यांनी ती भरायला पाऊण तास लावला आणि मी हात पाठीमागं बांधून उभी होते. दोन खण चुकले. तिसऱ्या रविवारी एकही नाही.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायला लागले तेव्हा पहिले आठ दिवस मी मागं मागं जायची, त्यांना कळू न देता. नवव्या दिवशी वळून म्हणाले, "पोलिसात लागलीस काय?"

मधल्या काळात एक लबाडीही झाली. त्यांच्या उशाशी रबरी चेंडू सापडला. रात्री जाग आली की दाबत बसायचे, पकडीचा आकडा वाढवायला. फिजिओच्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "दाबू देत, बिघडत नाही. पण आण्णा, पेट्रोलचा काटा बोटानं ढकलला तर टाकी भरते का?" आण्णांनी यावर बराच विचार केला. चेंडू उशाशीच राहिला.

बारा आठवड्यांनी परत मोजलं. वजन ५४.६. चाल ६.४ वरून ५.३ सेकंद. खुर्ची १४.१, एकदाही हात न सुटता. टाचेला बोटं लावून सात सेकंद, दहा अजून नाहीत. बारापैकी आठ. उभं राहिल्यावर बी.पी. आठनंच उतरलं. पकड २६, चेंडू असूनसुद्धा रेघेच्या खालीच. पट्टा अजून त्याच तिसऱ्या भोकावर. मी जरा हिरमुसले, मला वाटत होतं सगळं वर जाईल. डॉक्टरबाईंना मात्र चालीतला फरक फार आवडला, तो मोजमापाच्या चुकीत जाणारा नव्हता. आण्णांनी त्यांना विचारलं, या खेपेला कुठली कड धरली?

ते विचारायचा त्यांना हक्क होता, कारण त्या दिवशी फरशीवर निळ्या पट्ट्या नव्हत्या. मधल्या एका सकाळी दूध घेऊन ते घरी न येता रिक्षानं थेट उद्यमनगरात गेले होते. जुन्या शॉपमध्ये आता भागीदाराचा मुलगा असतो. त्याच्याकडून पितळेच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या, तीन मिलिमीटर रुंद, कडा मारलेल्या. घरी यायला साडेअकरा झाले, तोवर मी पेठेतल्या चार घरी फोन केले होते. त्या पट्ट्या पुढच्या वेळी डॉक्टरबाईंच्या परवानगीनं फरशीला चिकटवल्या. माप मला घ्यायला लावलं नाही, खुर्चीवर बसून खाली वाकून त्यांनीच घेतलं, फिजिओच्या मुलीला टेपचं दुसरं टोक धरायला लावून.

ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. तिसऱ्या दिवशी घरी आले. रात्री थोडे बडबडले एवढंच, दुसऱ्या सकाळी ताळ्यावर. दवाखान्यात भरती होताना नर्सनं विचारलं, "आजोबा, वजन किती?" आण्णा म्हणाले, "काटा कुठं हाय तुमचा?" आणि चपला काढायला लागले.

आईला मी म्हणत होते, तूही एकदा मोजून घे. ती म्हणते, मला काय धाड भरलीय. पण परवा सोप्यातून चहा घेऊन येताना ती थबकली, कारण आण्णांनी सोप्याच्या फरशीवर खडूनं दोन रेघा मारल्या होत्या आणि ते मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसले होते.

"काय बघताय?" आई म्हणाली.

"काय न्हाई. तू चल की तुझी तुझी."